एकशे अडतीस किलो गूळ

फोन कमरेच्या पट्ट्यात होता, आणि तो थरथरला तेव्हा मी सर्क्युलर रोडवर तिसरा किलोमीटर संपवत आणला होता. पळताना फोन बघायचा नाही असा माझा नियम आहे. पण शर्यत पुढच्या रविवारी होती, छातीवर लावायचा नंबर कुठे मिळणार त्याचा मेसेज यायचा होता, म्हणून पळतापळताच काढला. नंबर नव्हता. माझ्या नणंदेने, डिंपलने, घरच्या ग्रुपवर पत्रिका टाकली होती. चारी कोपऱ्यांत गुलाब, वर हलत्या ज्योतीची समई, मधोमध माझा फोटो, तोही दोन वर्षांपूर्वीचा, डोळे गालांत बुडालेले होते तेव्हाचा. खाली मजकूर: सौ. पुष्पांजली गजेंद्र यांची नवसपूर्तीनिमित्त गूळतुला, स्थळ देवीचं देऊळ, उंद्री, रविवार सकाळी साडेआठ. आणि त्याच्याही खाली, लाल रंगात, चष्मा नसलेल्याला सुद्धा वाचता यावं एवढ्या आकड्यात: वजन १३८ किलो. मी थांबले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा मी पळता पळता थांबले, आणि शेजारून दूधवाला सायकलवर गेला तेव्हा उगाच फोन छातीशी धरला.

चौदा महिन्यांपूर्वी संभाजीनगरच्या एका दवाखान्यात माझं पोट कापून लिंबाएवढं केलं. मी बुलढाण्याच्या जिल्हा न्यायालयात वरिष्ठ लिपिक आहे, आणि तिथे मी पित्ताचे खडे काढले असं सांगून मोकळी झाले होते. पित्ताच्या खड्यांबद्दल कुणी खोदून विचारत नाही, प्रत्येकाच्या घरात कुणाचे ना कुणाचे निघालेले असतात. पण वजन उतरायला लागलं तसे लोक माझ्याकडे जायच्या माणसाकडे बघावं तसे बघायला लागले. जिन्यात गाठून, आवाज खाली आणून विचारायचे, "म्याडम, रिपोर्ट काय म्हणते?" एका वकीलसाहेबांनी तर नागपूरच्या कॅन्सरच्या डॉक्टरचा नंबर न मागता लिहून दिला. एकशे अडतीस किलोची होते, दोन मजले चढताना ओठ निळे पडायचे, तेव्हा ह्यांतल्या एकानेही माझ्या तब्येतीची चौकशी केली नव्हती. तेव्हा मी खात्यापित्या घरची दिसत असणार. आता एकोणऐंशीवर आले, पाच किलोमीटरची शर्यत लावून घेतली, तर जो तो मला आत्ताच खांदा द्यायला तयार. आणि ह्या सगळ्यांपासून जो आकडा मी चौदा महिने लपवला, तो आता समईखाली छापून शेहेचाळीस जणांच्या ग्रुपवर पडला होता. तो ग्रुपवरच राहील एवढी भाबडी मी नाही. दुपारपर्यंत कोर्टाच्या कँटीनमध्ये पोचला.

घरी आल्यावर बूटसुद्धा न काढता उंद्रीला फोन लावला. माझ्या सासूबाई, अन्नपूर्णाबाई, तिथे एकट्या राहतात. बहात्तर वय, शेत वाट्याने दिलेलं, तरी रोज सकाळी एकदा धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, फिरून येतात. फोन कानाला न लावता तोंडासमोर धरून बोलतात, त्यामुळे त्यांच्याशी बोलणं म्हणजे दोघींनी ओरडणं.

"आई, हे काय छापलं? वजन काऊन टाकलं त्याच्यात?"

"मंग? लोकायले समजाले नोको काय, किती गूळ वाटून राह्यलो ते?"

"माझं वजन एकोणऐंशी हाय आता."

"नवस बोलली तवा एकशे अडतीस होतं. देवीले आता कमी द्याचं काय? भेल्या येऊन पडल्या माणिकरावच्या अडतीवर."

"अन् काट्यात कसं करान? तिकडे एवढा गूळ अन् इकडे मी. मी तं वर लटकून राहीन."

"त्याचं झालं बोलणं. माणिकराव म्हणे, तुह्यासंग पोतं ठेवू. पन्नासचं एक पोतं ज्वारीचं, अन् वर्त नऊ किलो सुटी."

मला ते डोळ्यांसमोर दिसलं. देवळापुढच्या कडुनिंबाला अडत्याचा मोठा काटा टांगलेला, एका पारड्यात भेल्यांची उतरंड, दुसऱ्यात मी मांडी घालून, आणि माझ्या कडेला ज्वारीचं पोतं. म्हणजे जे अंग मी दवाखान्यात टाकून आले, ते शिवून, तोंड बांधून, पुन्हा माझ्या शेजारी आणून बसवणार. आणि सगळं गाव बघणार की हिच्यातून एवढं गेलं.

"आई, रविवारी सकाळी माझी शर्यत हाय. सांगितलं होतं मी."

"सायंकाळी पळजो," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

मी न्हाणीघरात जाऊन पोटावरची ओढणी सोडली. पोटाची कातडी मोकळी पडली आहे. पळताना ती तिच्या वेगळ्या तालावर हलते, मी खाली येते तेव्हा ती वर जाते, म्हणून जुनी सुती ओढणी आवळून बांधावी लागते. हे कुठल्याच पुस्तिकेत लिहिलेलं नव्हतं. पुस्तिकेत लिहिलं होतं की गोड टाळा. एकदा कुणाचा तरी मुलगा पास झाल्याचा अर्धा पेढा खाल्ला, तर रेकॉर्ड रूममध्ये जुन्या दाव्यांच्या गठ्ठ्यांवर डोकं टेकून अर्धा तास घाम पुसत बसले होते, छाती अशी धडधडत होती की बाहेर ऐकू जाईल. गोड आता माझ्या पोटात टिकत नाही, थेट खाली घसरतं आणि अंगाचं पाणी करतं. अशा बाईची गूळतुला. आणि तुला झाली की पहिला खडा नवसाच्या माणसाच्याच तोंडात घालणार, नाही म्हटलं तर देवीचा अपमान.

पाच किलोमीटर म्हणजे फार नाही, हे मला माहीत आहे. पोलीसभरतीची पोरं सकाळी राजूर घाट चढून उतरून येतात आणि मग चहा पितात. माझा त्यांच्याशी काही संबंध नाही. मला नंबर नको आहे, वेळही नको आहे. मला पाच किलोमीटर न थांबता जायचं आहे, एवढंच. कारण थांबण्यात माझा हात धरणारं ह्या जिल्ह्यात कुणी नसेल. कोर्टाच्या जिन्यात मी मधल्या वळणावर थांबायचे आणि तिथला नोटीसबोर्ड वाचायचे. जुन्या निविदा मला पाठ झाल्या होत्या. बाजारात कोथिंबिरीचा भाव विचारायला थांबायचे, कोथिंबीर घरात असली तरी. लग्नाच्या वरातीत मी चपलेचा पट्टा बसवायला वाकायचे, आणि वरात पुढे निघून जायची. दर शंभर पावलांवर एक कारण लागायचं, आणि ते खरं वाटावं म्हणून चेहरा तसा करावा लागायचा. अठरा-वीस वर्षं मी दम लागल्याचं कुणाला कळू दिलं नाही, आणि सगळ्यांना ते कळत होतं. सात महिन्यांपूर्वी मोबाईलमधल्या बाईचं ऐकून पळायला लागले. ती म्हणायची एक मिनिट धावा, दोन मिनिटं चाला. पहिल्या दिवशी चाळीस सेकंदांत धाड नाक्यावर रस्त्याच्या कडेला ओणवी झाले. आता साडेचार किलोमीटरपर्यंत सलग जाते, हळू, फार हळू, पण दोन्ही पाय जमिनीवरून सुटतात. शेवटचा अर्धा किलोमीटर रविवारसाठी ठेवला होता.

वजन करून घ्यायची मला पहिल्यापासूनच चीड आहे. माझं माहेर वरवट बकालचं. अकरा वर्षांची असताना कापसाच्या मोसमात काकांनी गाठोडी मोजून झाल्यावर मला उचलून काट्याच्या पारड्यात बसवलं, गंमत म्हणून. बावन्न किलो भरले. मजूरबायका पदर तोंडाला लावून हसल्या, काका म्हणाले ओला माल आहे, काट धरा, दोन-चार किलो वजा करा. मी पण हसले, कारण न हसणं आणखी वाईट दिसलं असतं. लग्न होऊन उंद्रीला आले तर तिथे सासूबाई. ह्या बाईने मला वजनावरून एक शब्द कधी सुनावला नाही, हे कबूल करते. पण कुठलंही कार्य असो, मांडवात शिरल्या शिरल्या ओरडायच्या, "अरे, पुष्पासाठी ती लोखंडी खुर्ची आणा रे!" प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगांमधून ती एक लोखंडी खुर्ची डोक्यावर घेऊन कुणीतरी यायचं, लोक पाय आखडून वाट द्यायचे, आणि मी त्या खुर्चीमागून चालत जायचे. ह्याला कुणी काळजी म्हणेल. मला तेव्हा धरणी पोटात घेईल तर बरं असं व्हायचं. आजही मी कुठे गेले की आधी खुर्चीचे पाय बघते, दारातून शिरताना तिरकी होते, एस.टी.त दोघांच्या सीटवर एकटीने बसायच्या बेतात राहते. मन अजून एकशे अडतीस किलोचंच आहे, त्याचं ऑपरेशन कुणी करत नाही.

गजेंद्रशी बोलून उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं, आणि झालाही नाही. माझा नवरा भला माणूस आहे, बियाणं-खताचं दुकान चालवतो, आणि दोन माणसांत भांडण झालं की दोघांनाही हो म्हणतो. "पुढच्या वर्षी पळ ना," तो म्हणाला. "शर्यत दरवर्षी असते. नवस एकदाच फेडाचा असते."

"अहो, नवस माझ्या वजनाचा. मले विचारलं कोणी?"

"नवस काय विचारून बोलतात काय? आई तवा किती घाबरली होती तुले काय माहीत. तू तं आत होती."

"मंग दुसऱ्या रविवारी ठेवा."

"गुळाले मुंग्या लागून राह्यल्या, पुष्पा."

तीन दिवस मी बोलले नाही, तेव्हा चौथ्या दिवशी तोड निघाली. शर्यत साडेसहाला सुटते, साडेसातला माझं संपेल, तो गाडी घेऊन मैदानापाशी उभा राहील, नऊपर्यंत उंद्री. आई स्वतः शनिवारीच बुलढाण्याला येतील, कारण नवसाच्या माणसाला घरचं मोठं माणूस न्यायला येतं म्हणे. पोत्याबद्दल मी विषय काढला तर गजेंद्र म्हणाला, ते तिथे गेल्यावर पाहू. तिथे गेल्यावर पाहू म्हणजे पोतं ठेवणार.

रविवारी सहाला मी मैदानावर होते. साडेसहा झाले, पावणेसात झाले. प्रमुख पाहुणे यायचे होते. सात वाजता आले, मग दीपप्रज्वलन, मग वारा असल्याने पुन्हा दीपप्रज्वलन, मग पाहुण्यांचा सत्कार, सत्कार करणाऱ्यांचा सत्कार, आणि आरोग्य ह्या विषयावर पंचवीस मिनिटं भाषण. पाहुण्यांचं पोट व्यासपीठाच्या टेबलावर ठेवल्यासारखं होतं आणि ते म्हणत होते, माणसाने रोज धावलं पाहिजे. आम्ही चारशे माणसं उन्हात पाय गार होऊ नयेत म्हणून जागच्या जागी उड्या मारत होतो. माझी ओढणी सैल झाली, ती आवळायला बायकांचं स्वच्छतागृह शोधलं तर त्याला कुलूप. पावणेआठला झेंडा पडला. तेव्हाच मला कळून चुकलं की साडेसातचं गणित संपलं.

पहिला किलोमीटर रागातच गेला. सगळे माझ्या पुढे गेले, शाळेच्या पोरी, पिशवी घेतलेले आजोबा, एक बाई तर फोनवर बोलत गेली. संगम चौकात बँड वाजत होता. सर्क्युलर रोडला लागल्यावर मी एकटी पडले आणि बरं वाटलं. श्वास दोन पावलांना आत, दोन पावलांना बाहेर, डाव्या पोटरीत नेहमीची कळ, ती तिसऱ्या किलोमीटरला आपोआप जाते. गेली. उन्हाने रस्ता पांढरा दिसत होता. नोटीसबोर्ड नाही, कोथिंबीर नाही, चपलेचा पट्टा नाही. चार किलोमीटरची पाटी आली आणि मला वाटलं होतंय, हे होतंय. पाटीच्या पुढेच, धाड नाक्याच्या वळणावर, आमची गाडी उभी होती. पोलिसाने पुढे सोडली नव्हती. गजेंद्र स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होता. सासूबाई खाली उतरून रस्त्यात उभ्या होत्या, नवं लुगडं, कपाळभर कुंकू.

"पुष्पा, बस गाडीत. लोक वाट पाहून राह्यले. किती राह्यलं?"

मी एक बोट वर केलं. थांबले नाही.

"एक तास?"

"किलोमीटर," मी म्हणाले, आणि त्या पाच अक्षरांसाठीचा श्वास मला परत मिळाला नाही.

"मंग चाल, मी येते संगं."

आणि आल्या. हे लिहितानाही मला राग येतो. मी पळत होते, सात महिने घाम गाळून शिकलेलं पळणं पळत होते, आणि बहात्तर वर्षांची बाई चपला घालून माझ्या शेजारून चालत होती. नुसती चालत. तिला दमसुद्धा लागला नव्हता. जन्मभर धुरे तुडवलेले पाय ते. "एवढंच पळता काय तुमी लोक?" त्यांनी विचारलं. "मले वाटलं लय जोरानं असते." कडेला उभे असलेले दोघे-तिघे हसले. मी समोर बघितलं. बोलायचं नाही, श्वास मोजायचा. त्यांना त्याचं काही नव्हतं. त्या बोलतच होत्या, साडेआठ वाजून गेले, काटा टांगून ठेवला, माणिकरावाचा दोनदा फोन आला, पोतं स्वच्छ नवं घेतलं आहे, टोचणार नाही.

"पोतं नको," मी म्हणाले.

"काऊन नोको? नवस तेवढ्याचा हाय."

"मी तेवढी नाई आता."

दहाएक पावलं नुसत्या चपला वाजल्या. मग त्या म्हणाल्या, आवाज जरा खाली आला होता, "तेच तं म्हणून राह्यली मी. तुले आत नेलं तवा मी दवाखान्याच्या जिन्यात बसून देवीले म्हटलं, माय, ही बाई जशी आत गेली तशीच बाहेर दे. जशीच्या तशी. मंग मी तिच्या भारंभार गूळ वाटीन. अन् तू आली. गजू म्हणे पाह्य, किती चांगलं झालं. मले तं दुसरीच कोणी आणून ठेवल्यासारखं वाटे." त्यांनी पदर सावरला, चालणं मोडलं नाही. "तू सकाळी उठली की फरशी वाजे. मले आतल्या खोलीत समजे, पुष्पा उठली. आता तू मांगून येऊन उभी राह्यते तरी समजत नाई. तू जेवाले बसली की रांधल्यासारखं वाटे. आता चार घास घेते अन् ताट सरकवते. कोणासाठी रांधाचं मी? माही सून कुठी गेली, कोणाले विचारू? सगळे म्हणतात चांगलं झालं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी संतापाने कानशिलं तापली. ज्या अंगाची मी जन्मभर लाज धरली, ते ह्या बाईला हवं होतं. एका माणसाला तरी हवं होतं. आणि हे तिने मला आता सांगायचं, पाचशे मीटर उरले असताना, मला एक शब्द बोलता येत नसताना! आधी सांगितलं असतंत तर, असं मनात आलं, पण पुढचं वाक्य सुचेना. आधी कळलं असतं तरी मी ऑपरेशन केलंच असतं. झोपेत श्वास अडकायचा, शुगर सुरू झाली होती, गुडघे गेले होते. मला जगायचं होतं. तरीही कुणीतरी हे आधी सांगायला हवं होतं, मी त्या खुर्चीमागून चालताना, मी फरशीवर पाय हळू ठेवायचा प्रयत्न करत होते तेव्हा.

मग मी वेग वाढवला. ठरवलं नव्हतं. राग पायांत उतरला म्हणा, किंवा त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं म्हणा. श्वासाचा हिशेब मोडला, ओढणी सुटून एक टोक टी-शर्टाबाहेर आलं, तशीच गेले. चपला आधी खांद्याशी वाजत होत्या, मग मागे, मग त्यांचा ताल तुटला. त्या पळायला बघत होत्या. "पुष्पा, हळू व!" असं ऐकलं. मग तेही ऐकू आलं नाही. मैदानाचं फाटक, चुन्याची रेष, टाळ्या वाजवणारी पाच-सहा माणसं. कुणीतरी माझ्या गळ्यात पदक घातलं, कुणीतरी फोटोसाठी थांबा म्हणालं. मी त्यांना हाताने बाजूला केलं आणि फाटकातून पुन्हा रस्त्यावर आले.

सासूबाई दुभाजकावर बसल्या होत्या. एक पाय चपलेतून काढून पोटरी दाबत होत्या, तोंड उघडं होतं, श्वास घरघरत होता. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला मागे टाकलं होतं, आणि ते माणूस ह्या होत्या. मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले. दोघींचा श्वास खाली बसेपर्यंत मी त्यांची पोटरी दाबली.

"आई," मी म्हणाले, "मी एकटीच बसीन काट्यात. पोतं नाई."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, गळ्यापासून पायांपर्यंत, सावकाश. मला वाटलं आता नवसाचं काढतील, देवीचं काढतील.

"अन् एकोणसाठ किलो?" त्यांनी विचारलं.

त्या गुळाचं विचारत नव्हत्या, हे मला कळलं.

"ते गेलं, आई. ते नाई येत वापस."

त्यांनी पदराने डोळे पुसले, मग तोंड पुसलं, मग चपलेत पाय घातला. "हाव," म्हणाल्या. हात पुढे केला. मी ओढून उभं केलं तर केवढीशी बाई ती, हाताला लागलीच नाही. लंगडत होती, म्हणून खांद्याला धरून चालवायला लागले. नाक्याकडून गजेंद्र हॉर्न वाजवत होता, एकसारखा. वाजवू दे, म्हटलं.